हेडलेस दुकान, लो-कोड ॲप: जोडलं म्हणजे संशोधन झालं का?

पेट पास झाली, गाइड ठरले, आता सिनॉप्सिस लिहायचाय, अशा टप्प्यावर जे आहेत त्यांच्यासाठी आजचं टिपण. विषय आहे एक शीर्षक. शब्द इकडेतिकडे होतात, सांगाडा साधारण असा: 'ग्रामीण उत्पादकांसाठी हेडलेस ई-कॉमर्स एपीआय व लो-कोड फ्रंटएंड यांची जोडणी: एक अभ्यास'. संगणकशास्त्र, एमसीए, कृषी-व्यवसाय व्यवस्थापन, कुठेही चालेल असं हे शीर्षक आहे. वाचायला भारदस्त, करायला आटोपशीर, आणि शेवटी दाखवायला हातात एक चालतं ॲप.

माझा आक्षेप असा की या शीर्षकात प्रश्नच नाही. जोडणी हे काम आहे. त्या कामात एक चांगला प्रश्न दडलेला आहे, पण तो 'हेडलेस'मध्येही नाही आणि 'लो-कोड'मध्येही नाही. तो दोघांच्या मधल्या फटीत आहे. आणि नेमकी तीच फट आकृतीत एका बाणाने दाखवून लोक मोकळे होतात. डावीकडे चौकोन, उजवीकडे चौकोन, मध्ये बाण. आज त्या बाणाबद्दल बोलू.

आधी शब्द बघू, कारण सिनॉप्सिसमध्ये आपण ते शास्त्रीय संज्ञा असल्यासारखे वापरतो. दुकानाचं 'हेड' म्हणजे ग्राहकाला दिसणारा भाग: वस्तूंची पानं, कार्ट, पैसे भरायचं बटण. तो वेगळा काढला आणि मागचा माल, किंमत, ऑर्डर यांचा कारभार फक्त एपीआयमधून उघडा ठेवला की झालं हेडलेस कॉमर्स. हा शब्द रूढ करण्याचं श्रेय साधारणपणे कमर्सटूल्स या जर्मन कंपनीच्या डर्क होरिग यांना दिलं जातं. 'लो-कोड' हा शब्द २०१४ मध्ये फॉरेस्टर या बाजार-विश्लेषण करणाऱ्या संस्थेच्या अहवालातून आला. म्हणजे दोन्ही शब्द विक्रीच्या आणि बाजाराच्या जगातले. त्यात वाईट काही नाही, पण असा शब्द काय सोपं होतं ते सांगतो. काय अवघड राहतं ते सांगणं त्याचं काम नसतं. ते काम आपलं.

सोपी बाजू खरंच सोपी आहे, हे आधी मान्य करतो. शॉपिफायचं स्टोअरफ्रंट एपीआय घ्या आणि फ्लटरफ्लोमध्ये पडदे बनवा. वस्तूंची यादी मागवली, आली, कार्डांत मांडली. सार्वजनिक टोकन ॲपमध्ये ठेवलं तरी चालतं, कारण ते त्यासाठीच आहे. (ॲडमिन एपीआयचं टोकन मात्र ॲपमध्ये ठेवू नका. ॲप उघडून आतला मजकूर वाचणं अवघड नसतं. वूकॉमर्सच्या 'कन्झ्युमर सीक्रेट'लाही हेच लागू.) दोन-तीन दिवसांत चालणारा नमुना तयार होतो. इथे जोडणी सुरळीत होते याचं कारण असं की मागे एकच दुकान आहे, एकच मालक आहे, आणि विचारल्यावर तो लगेच त्याच जोडणीवर उत्तर देतो. बहुतेक लो-कोड साधनांचा सगळा घाट या एका गृहीतकावर उभा आहे: विचारा, थांबा, उत्तर घ्या, दाखवा.

आता हे गृहीतक जिथे मोडतं अशा ठिकाणी जाऊ. ते ठिकाण आपल्याच देशात आहे: ओएनडीसी, म्हणजे ओपन नेटवर्क फॉर डिजिटल कॉमर्स. केंद्राच्या उद्योग व अंतर्गत व्यापार विभागाच्या पुढाकाराने ३१ डिसेंबर २०२१ ला ही ना-नफा कंपनी नोंदली गेली, आणि एप्रिल २०२२ मध्ये दिल्ली परिसर, बंगळुरू, भोपाळ, शिलाँग आणि कोइम्बतूर इथे चाचणी सुरू झाली. ओएनडीसी स्वतः दुकान नाही आणि ॲपही नाही. विकणाऱ्याचं ॲप वेगळं, घेणाऱ्याचं ॲप वेगळं, आणि दोघांनी एकमेकांशी कोणत्या भाषेत बोलायचं याचे नियम म्हणजे बेक्न प्रोटोकॉल. नंदन निलेकणी, प्रमोद वर्मा आणि सुजित नायर यांच्या कामातून तो उभा राहिला. हेडलेसची कल्पना इथे पार टोकाला नेलेली आहे: एका दुकानाचं नाही, अख्ख्या बाजाराचंच डोकं वेगळं काढलंय.

उदाहरण कल्पनेतलं घेऊ, पण गाव खरं. अकोला जिल्ह्यातलं, तेल्हारा तालुक्यातलं, सातपुड्याच्या पायथ्याचं हिवरखेड. (मोर्शी तालुक्यातही एक हिवरखेड आहे, संत्र्याच्या पट्ट्यातलं. त्याबद्दल नाही बोलत.) समजा, इथल्या एका शेतकरी उत्पादक कंपनीला एक किलोच्या पाकिटात तूरडाळ विकायची आहे. अकोला डाळ मिलचं शहर, त्यामुळे डाळ करून घेणं हा प्रश्न नाही. विक्री ओएनडीसीवर करायची, आणि ग्राहकासाठी एक ॲप कुणा विद्यार्थ्याने लो-कोडमध्ये बनवायचं. ॲपने विचारायचं, 'तूरडाळ कुणाकडे आहे?' आणि उत्तर दाखवायचं. इतकंच ना?

इतकंच नाही. साध्या एपीआयला तुम्ही फोन करता आणि त्याच फोनवर उत्तर ऐकता. बेक्नमध्ये तुम्ही निरोप ठेवता. समोरचा 'मिळाला' एवढंच म्हणून फोन ठेवून देतो. खरं उत्तर तो नंतर तुम्हाला उलटा फोन करून देतो. तुम्ही 'सर्च' पाठवता, ते गेटवेमार्फत अनेक विक्रेता-ॲप्सकडे जातं, आणि प्रत्येक ॲप आपापल्या सवडीने तुमच्या पत्त्यावर 'ऑन_सर्च' पाठवतं. 'सिलेक्ट'ला 'ऑन_सिलेक्ट', 'इनिट'ला 'ऑन_इनिट', 'कन्फर्म'ला 'ऑन_कन्फर्म'. शिवाय पाकीट बांधलं, माणूस घ्यायला आला, घरी पोचलं, अशा प्रत्येक बदलाला न विचारता येणारा 'ऑन_स्टेटस' वेगळाच.

म्हणजे घेणाऱ्याच्या ॲपला सतत जागा असलेला, जगाला दिसणारा एक पत्ता लागतो. ग्राहकाच्या फोनला असा पत्ता नसतो. फोन खिशात असतो, ॲप बंद असतं, नेटवर्क कधी असतं कधी नसतं. लो-कोडमध्ये बनवलेलं ॲप शेवटी त्या फोनवरच चालतं. तुम्ही एपीआय-कॉलचा घटक ओढून आणला, पत्ता टाकला, चाचणीचं बटण दाबलं, तर उत्तर म्हणून फक्त पोच येईल. पडद्यावर हिरवी खूण दिसेल आणि डाळ कुठेच नसेल.

यावर एक जुगाड लगेच सुचतो, कारण तो फुकट आहे: गुगल शीट आणि ॲप्स स्क्रिप्ट. स्क्रिप्टला वेब-पत्ता मिळतो, उलटा फोन तिथे घ्यायचा, शीटमध्ये ओळ टाकायची, ॲपशीटने ती शीट वाचायची. कागदावर छान दिसतं. पण बेक्नमध्ये प्रत्येक निरोपावर सही असते. निरोपाच्या मजकुराचा ब्लेक-५१२ हॅश काढायचा, त्यात वेळ आणि मुदत घालायची, ईडी२५५१९ पद्धतीच्या खाजगी किल्लीने सही करायची, आणि ती ऑथरायझेशन हेडरमध्ये पाठवायची. घेणाऱ्याने रजिस्ट्रीतून पाठवणाऱ्याची सार्वजनिक किल्ली काढून सही तपासायची. आणि ॲप्स स्क्रिप्टचं 'डूपोस्ट' फंक्शन येणाऱ्या विनंतीचे हेडर तुम्हाला देतच नाही. सही आली, पण ती वाचायची सोय नाही. मग एक तर तपासणी सोडून द्यायची, म्हणजे कुणीही 'ऑर्डर पक्की झाली' असा खोटा निरोप टाकू शकतो, नाहीतर हा रस्ता सोडायचा.

पाठवतानाही तीच गंमत. खाजगी किल्ली फोनमधल्या ॲपमध्ये ठेवता येत नाही. वर ॲडमिन टोकनबद्दल म्हटलं तेच कारण. आणि सही मजकुराच्या बाइटनबाइटवर असते. तुम्ही सही केलेला जेसन साधनाने 'नीटनेटका' करून पाठवला, एक जागा वाढली, तरी समोरच्याकडे सही चुकीची ठरते. लो-कोड साधन मजकूर प्रत्यक्ष कसा पाठवतं यावर तुमचं पुरेसं नियंत्रण नसेल, तर चूक कुठे आहे हे शोधण्यात आठवडा जातो.

शेवटी सगळे एकाच उपायावर येतात: मध्ये एक छोटा सर्व्हर. तो सही करतो, तपासतो, उलटे निरोप घेतो, व्यवहार-क्रमांकाप्रमाणे फायरस्टोअरसारख्या डेटाबेसमध्ये ठेवतो, आणि फ्लटरफ्लोचं ॲप त्या डेटाबेसकडे डोळे लावून बसतं; नोंद बदलली की पडदा बदलतो. हे चालतं, आणि नीट केलं तर चांगलं चालतं. पण आता हिशेब करा की कोड गेला कुठे. पडदे विनाकोड झाले, पण सही, तपासणी, रजिस्ट्रीतला शोध, कोणतं उत्तर कोणत्या प्रश्नाचं ही जुळणी, पुन्हा प्रयत्न, दुबार निरोप ओळखणं, ऑर्डरची अवस्था, हे सगळं त्या 'छोट्या' सर्व्हरमध्ये हाताने लिहिलेलं आहे. अशा प्रकल्पाला 'लो-कोड प्रणाली' म्हणणं म्हणजे दाराला रंग दिला म्हणून घर रंगवलं म्हणण्यासारखं झालं.

फ्रेड ब्रुक्सचा १९८६ चा 'नो सिल्व्हर बुलेट' हा निबंध तुमच्या वाचनात आला असेल. नसेल तर सिनॉप्सिसआधी वाचा. सॉफ्टवेअरमधला काही गुंता साधनांमुळे येतो, तो चांगल्या साधनाने जातो. काही गुंता विषयातच असतो, तो जात नाही. लो-कोडने पहिल्या प्रकारचा गुंता कमी केला यात वाद नाही. माझं म्हणणं इतकंच की दोन वेगवेगळ्या मालकांच्या यंत्रांनी, अर्धवट भरवशाच्या नेटवर्कवरून, पैशाचा व्यवहार ठरवणं हा दुसऱ्या प्रकारचा गुंता आहे.

तो काय आहे हे समजायला अडत दुकान आठवा. अकोटच्या किंवा तेल्हाऱ्याच्या बाजार समितीत माल नेला की हर्रास होते, काटा होतो, पट्टी हातात पडते. अडत्याबद्दल तक्रारी खूप आहेत आणि त्यातल्या बऱ्याच रास्त आहेत. पण एक गोष्ट तिथे पक्की असते: 'माझ्या मालाचं काय झालं?' या प्रश्नाला उत्तर देणारा एक माणूस समोर बसलेला असतो. तो चेहराही आहे आणि हिशेबही. हेडलेसमध्ये आपण चेहरा आणि हिशेब वेगळे करतो, आणि ओएनडीसीमध्ये तर हिशेबही दोघांकडे वाटला जातो. मग ऑर्डरचं खरं काय हे कुणाच्या वहीवरून ठरवायचं?

आता नेमका क्षण धरा. ग्राहकाने डाळीचे पैसे ॲपमध्ये भरले. ॲपने 'कन्फर्म' पाठवलं, पोच आली. 'ऑन_कन्फर्म' मात्र आलेला नाही. दहा सेकंद गेले, वीस गेले. हिवरखेडच्या कंपनीला ऑर्डर पोचली का? कदाचित पोचली असेल आणि परतीचा निरोप हरवला असेल. कदाचित पोचलीच नसेल. ग्राहकाने घाबरून पुन्हा बटण दाबलं, आणि मधल्या सर्व्हरने ती नवी ऑर्डर समजली, तर एका डाळीच्या जागी दोन डाळी पाठवल्या जातील, आणि परतीचा खर्च कुणाच्या तरी बोकांडी बसेल. प्रोटोकॉलमध्ये याला रस्ते आहेत: व्यवहार-क्रमांक तोच ठेवून 'स्टेटस' विचारता येतं. पण ते विचारायचं हे कुणीतरी लिहावं लागतं. आणि त्या वीस सेकंदांत पडद्यावर काय दाखवायचं?

लो-कोड साधनांत एपीआय-कॉलच्या साधारण तीन अवस्था तयार मिळतात: चालू आहे, झालं, चुकलं. इथे चौथी अवस्था आहे: माहीत नाही. ही चूक नव्हे. पैसे गेलेत, माल निघाला की नाही ते ठाऊक नाही, आणि थोड्या वेळाने ठाऊक होईल. या चौथ्या अवस्थेला तयार घटक नाही. बहुतेक नमुना-ॲप्स तिला 'चुकलं'मध्ये कोंबतात, काही 'झालं'मध्ये. पहिल्यात ग्राहक दुबार पैसे भरतो, दुसऱ्यात शेतकरी कंपनीच्या नावावर न पोचलेल्या ऑर्डरची तक्रार चढते. माझ्या मते संशोधनाचा प्रश्न इथे आहे, आणि तो चांगला प्रश्न आहे.

पण प्रस्तावांत मोजलं काय जातं? ॲप बनवायला किती दिवस लागले, आणि एसयूएस प्रश्नावलीत किती गुण पडले. एसयूएस ही जॉन ब्रूक यांची दहा विधानांची साधी प्रश्नावली आहे, उपयोगाची आहे, मी तिच्या विरोधात नाही. पण विभागाच्या वाय-फायवर, वर्गमित्रांच्या हातात ॲप देऊन, डाळ मागवण्याचं नाटक करून घेतलेले गुण त्या वीस सेकंदांबद्दल काहीच सांगत नाहीत, कारण तो क्षण चाचणीत येतच नाही. आणि दिवस मोजताना मधला सर्व्हर लिहायचे दिवस बहुधा मोजलेले नसतात. कुणी तुम्हाला व्हायव्हात हे विचारलं तर? विचारायलाच हवं.

मोजमापाचा हा घोळ विद्यार्थ्यांपुरता नाही. फेब्रुवारी २०२४ मध्ये केंद्रीय कृषी मंत्रालयाने सांगितलं की नोंदणीकृत ८,००० शेतकरी उत्पादक कंपन्यांपैकी सुमारे ५,००० ओएनडीसीवर नोंदल्या गेल्या आहेत. हा आकडा प्रस्तावनेच्या पहिल्या परिच्छेदात टाकायला फार मोहक आहे. टाकाही, पण तो काय मोजतो ते लिहा: नोंदणी. नोंदणी म्हणजे यादीत माल आहे असं नाही, आहे तो माल आज गोदामात आहे असं नाही, आणि कुणी मागवला तर ऑर्डर पूर्ण होते असं तर नाहीच. प्रत्येक पायरीला वेगळा आकडा लागतो.

गोदाम म्हटल्यावर लो-कोडच्या बाजूने एक शब्द बोलायलाच हवा, नाहीतर टीका एकांगी होईल. हे साधन ग्राहकाच्या पडद्यावर वापरण्यापेक्षा कंपनीच्या गोदामात जास्त शोभतं. आज किती कट्टे आले, किती पाकिटं बांधली, कोणत्या तारखेची, कोणत्या दराने: हे भरायला ॲपशीटसारखं साधन उत्तम आहे. नेटवर्क नसताना नोंद होते, आलं की जुळते, आणि रकाना वाढवायचा तर कंपनीतलं कुणीही शिकून वाढवू शकतं. ओएनडीसीच्या यादीत पाकीटबंद मालाला निव्वळ वजन, उत्पादकाचं नाव-पत्ता अशी वैधमापनाची माहिती द्यावी लागते, खाद्यपदार्थाला अन्न परवान्याचा क्रमांक लागतो; ती माहिती जिथे जन्मते तिथेच नीट भरली गेली तर निम्मे वाद मिटतात. मात्र इथेही एक फट आहेच. गोदामातली नोंद संध्याकाळी जुळली आणि दुपारी शेवटचं पाकीट विकलं गेलं, तर दुपारपासून संध्याकाळपर्यंत जगाला दिसणारा साठा खोटा आहे. 'ऑन_सर्च'मध्ये डाळ होती, 'ऑन_सिलेक्ट'मध्ये नाही. हा उशीर किती चालतो? कापूस-सोयाबीनपेक्षा पाकिटातल्या डाळीला तो जास्त जाचतो का? ऑफलाइन नोंदीची सोय आणि साठ्याचा खरेपणा यांत देवाणघेवाण कशी होते? यातला एकेक प्रश्न प्रबंधाचं एक प्रकरण होऊ शकतो.

म्हणून शीर्षक बदला. 'जोडणी: एक अभ्यास' काढून टाका आणि असं काहीतरी लिहा: 'असमकालिक वाणिज्य-जाळ्यात उत्तर उशिरा किंवा न आल्यास ग्राहक-पडद्याने दाखवलेली अवस्था आणि त्यातून होणारे दुबार व्यवहार'. लांबलचक आहे, गाइड नाक मुरडतील, पण यात मोजण्यासारखं काहीतरी आहे आणि चुकीचं ठरू शकेल असं विधान यातून काढता येतं. ॲप यातही बनेल, लो-कोडमध्येच बनवा. फक्त ते उपकरण असेल, निष्कर्ष नसेल.

यासाठी खरी डाळ लागत नाही. ओएनडीसीची चाचणीसाठी वेगळी वातावरणं आहेत, स्टेजिंग आणि प्री-प्रॉडक्शन. आणि नोंदणीच्या कागदपत्रांत अडकायचं नसेल तर बेक्नच्या खुल्या विनिर्देशावरून स्वतःचा खोटा विक्रेता लिहिता येतो. तोच जास्त सोयीचा, कारण तुम्हाला त्याच्याकडून मुद्दाम उशीर करून घ्यायचाय: कधी दोन सेकंद, कधी तीस, कधी उत्तरच नाही, कधी एकच उत्तर दोनदा. फोन कमकुवत नेटवर्कवर ठेवा. पहिल्या महिन्यात फक्त एक तक्ता भरा. व्यवहार-क्रमांक, निरोप गेल्याची वेळ, पोच आल्याची वेळ, उलटं उत्तर आल्याची वेळ, आणि शेवटचा रकाना: त्या त्या क्षणी पडद्यावर काय लिहिलेलं होतं.